काबूल नांदेडपासून किती दूर?



परदेशात कुठे दहशतवादी हल्ला झाला की नांदेड-लातूरकडची कॉलेजची मुले डीपी काळा करतात, स्टेटसला मेणबत्ती ठेवतात. त्यावर घरातल्या मोठ्यांचे उत्तर ठरलेले असते : 'नळाला पाणी कधी येतंय त्याचं बघा आधी, मग जगाची काळजी करा.' हा टोमणा अर्धाच खरा आहे. स्टेटस चोवीस तासांत पुसला जातो हे कबूल. पण त्या मुलाला खरोखर वाईट वाटले होते, हेही तितकेच खरे. त्याला नेमके काय घडले हे समजावून सांगायला मात्र कोणी नसते, आणि तक्रार करायचीच तर ती याची करायला हवी.

25 मार्च 2020 हा देशव्यापी कोरोना टाळेबंदीचा पहिला दिवस. त्याच सकाळी काबूलच्या शोर बाजारातील गुरुद्वारा हर राय साहिबमध्ये प्रार्थना चालू असताना बंदूकधारी घुसले. 25 जण मारले गेले. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्काराच्या वेळी स्मशानाजवळ पुन्हा स्फोट झाला. इस्लामिक स्टेटने जबाबदारी घेतली आणि काश्मीरचा सूड असे कारण पुढे केले. परदेशात घडलेल्या गुन्ह्याचा राष्ट्रीय तपास संस्थेने (एनआयए) नोंदवलेला हा पहिलाच तपास. त्या दिवसांत पंजाबहून आलेले हजारो भाविक नांदेडच्या हजूर साहिबला अडकून पडले होते. गुरुद्वारा परिसरातल्या शीख घरांना ही बातमी परक्या देशाची वाटणे शक्यच नव्हते. उरलेल्या शहराचे लक्ष किराणा, पोलिसांचा दंडुका आणि रुग्णांचे आकडे यांकडे होते, आणि ते साहजिकही होते. पण पुढे शाळा उघडल्यावर तरी हा विषय किती वर्गांत निघाला?

शाळांमध्ये बातम्यांना जागा आहे, ती परिपाठात. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि मधे कुठेतरी ठळक बातम्या. सातवीतली मुलगी कागदावरून घडाघडा वाचते : अमुक शहरात स्फोट, इतके ठार. लगेच दुसरी पुढे येते आणि बोधकथा सुरू होते.

पेशावरच्या लष्करी शाळेवर 16 डिसेंबर 2014 रोजी पाकिस्तानी तालिबानने हल्ला केला, 130हून अधिक मुले मारली. पंतप्रधानांच्या आवाहनावरून दुसऱ्या दिवशी भारतातल्या शाळांनी दोन मिनिटे मौन पाळले. ते योग्यच झाले. पण मारणारे ज्या धर्माचे नाव घेत होते, त्याच धर्माची ती मुले होती, एवढे एक वाक्य मौनानंतर बोलले गेले असते तर? प्रत्येक हल्ल्यानंतर ज्याच्याकडे वर्ग वळून बघतो, त्या नांदेडच्या मुसलमान विद्यार्थ्याचे ओझे थोडे हलके झाले असते.

वर्ग गप्प बसला की मोबाइल बोलतो. नोव्हेंबर 2015 मध्ये पॅरिसवर हल्ला झाला. तेव्हा कॅनडातील एका शीख तरुणाच्या सेल्फीत कोणीतरी आयपॅडच्या जागी कुराण आणि अंगावर स्फोटकांचे जाकीट चिकटवले व 'हाच हल्लेखोर' म्हणून ते चित्र सोडून दिले. स्पेनमधल्या एका दैनिकाने ते पहिल्या पानावर छापलेसुद्धा! जिथे संपादक फसले, तिथे नांदेडच्या भाग्यनगरातल्या शिकवणीबाहेर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने तसले चित्र पुढे ढकलले तर त्याला एकट्याला दोष देऊन कसे चालेल?

अशा बातम्यांवर वर्गात चर्चा व्हावी म्हटले, तर 'नीटच्या वर्षात हे कुठून बसवायचे?' असे लातूरच्या ट्यूशन एरियातले पालक विचारतील. त्यांनी 30 सप्टेंबर 1993ची पहाट आठवावी. गणपती विसर्जन करून झोपलेली किल्लारी आणि आजूबाजूची गावे भूकंपात गाडली गेली. देशोदेशीहून मदत आली, जागतिक बँकेने पुनर्वसनासाठी कर्ज दिले. मदत पाठवणाऱ्या किती जणांनी त्याआधी औसा तालुक्याचे नाव ऐकले असेल?

वर्गात राजकारण शिरेल, ही शिक्षकांची भीती मात्र रास्त आहे. म्हणूनच चर्चेला चौकट हवी. फळ्याचे दोन भाग करावेत : एका बाजूला खात्री झालेली माहिती, दुसऱ्या बाजूला नुसते ऐकलेले. घटना नकाशावर दाखवावी, कोणते छायाचित्र खोटे निघाले ते सांगावे, घोषणाबाजीला थारा देऊ नये. आठवड्यातून एक तास पुरे.

नांदेडमध्ये मराठी, उर्दू आणि खालसा अशा तिन्ही शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी जूनमध्ये शाळा भरण्याआधी एक परिपत्रक काढावे. नववी ते बारावीसाठी हा तास वेळापत्रकात घालावा आणि महिन्यातून एकदा अशा शेजारच्या शाळांच्या मुलांना तो एकत्र घेऊ द्यावा.

– एक वाचक, नांदेड