तिजोरीचा संघ की पेठेचा?

१/ २००६ साली मुंबईचा महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता ठरला; २०१० साली कंपनीने संघच विसर्जित केला. २०१४ साली उभा राहिलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आर्थिक अडचणींपायी बंद पडला.

२/ दोघांचीही मदार मालकाच्या तिजोरीवर होती. संस्थाने विलीन झाल्यावर राजाश्रयावर जगणाऱ्या मल्लांचीही अशीच परवड झाली होती.

३/ कोल्हापुरात मात्र पाटाकडील, खंडोबा ही तालीम मंडळे टिकली. कारण तेथे संघ ही पेठेची अब्रू आहे.

४/ जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचे बहुमत सभासदांकडे असते. आपल्याकडेही तसाच नियम हवा. त्यासाठी चाहत्यांनी केवळ टाळ्या न वाजवता वर्गणीही भरावी.