पाणी कापते की वाळू?

‘पाण्याने पोलाद कापता येते’ हे वाक्य केव्हा तरी तुमच्या कानावर आले असेल. एखाद्या औद्योगिक प्रदर्शनात बोटभर जाडीच्या पोलादी पाटातून एक बारीक पांढरा झोत सावकाश फिरत जातो. धूर नाही, ज्वाळा नाही, आणि पाट मात्र लोण्यासारखा कापला जातो. पाहणारा थक्क होतो, आणि ते योग्यच आहे. पण ते वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग सांगायचा नेहमी राहून जातो, ही माझी तक्रार आहे.

निव्वळ पाण्याच्या झोताने रबर, पुठ्ठा, कापड, फोम अशा मऊ वस्तू कापता येतात. नॉर्मन फ्रान्झ या अमेरिकन वनसंशोधकाने १९५०च्या दशकात अतिदाबाच्या पाण्याने लाकूड कापण्याचे प्रयोग केले होते. धातू, ग्रॅनाइट किंवा जाड काच यांच्यापुढे मात्र नुसत्या पाण्याचे फारसे चालत नाही. १९८०च्या सुमारास मोहम्मद हशीश या अभियंत्याने झोतात कठीण खनिजाचे कण मिसळण्याची पद्धत विकसित केली, तेव्हा कुठे पोलाद वठणीवर आले.

निसर्गाला ही युक्ती जुनीच आहे. पारनेर तालुक्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असतील. तो काळा कातळ एकट्या पाण्याने कोरलेला नाही. पाण्याच्या भोवऱ्यात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी तो घासला. पाणी गोट्यांना फिरवणारे, घासणारे गोटेच.

कारखान्यातील यंत्रात हेच काम वेगाने होते. पंप पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट करतो. हे पाणी नीलमण्याला किंवा हिऱ्याला पाडलेल्या, मिलिमीटरच्या एक तृतीयांश व्यासाच्या छिद्रातून बाहेर पडते. त्याचा वेग तुम्हीच काढून पाहा : दाब = १/२ × घनता × वेगाचा वर्ग. उत्तर सेकंदाला जवळजवळ ९०० मीटर येईल, म्हणजे हवेतील ध्वनीच्या वेगाच्या अडीच पट. (एवढ्या दाबाखाली पाणीही थोडे आकसते, म्हणून खरा वेग किंचित कमी भरतो.) हा झोत पुढच्या पोकळीत हवा ओढून घेतो, आणि हवेबरोबर गार्नेट या खनिजाची वाळू आत येते. मग सुमारे एक मिलिमीटर पोकळीच्या, अतिशय कठीण नळीतून पाणी आणि वाळू एकत्र बाहेर पडतात. प्रत्येक कण छिन्नीसारखा धातूचा एक अतिसूक्ष्म कपचा उडवतो.

या पद्धतीचे गुण मी नाकारत नाही. कापलेली कड तापत नाही, त्यामुळे धातूचे गुणधर्म बिघडत नाहीत. टायटॅनियम, संगमरवर, विमानासाठी लागणारे तंतुमिश्रित पदार्थ, सगळे एकाच यंत्रावर कापता येते. (कडक केलेली टफन्ड काच मात्र याला अपवाद. ती कापली न जाता तिचा चुरा होतो.)

आता हिशेब करू. मध्यम यंत्राला मिनिटाला सुमारे तीन लिटर पाणी आणि ४०० ग्रॅम गार्नेट लागते असे धरा. दिवसात सहा तास झोत चालला, तर पाणी लागले १,०८० लिटर आणि वाळू १४४ किलो. वर्षात कामाचे दिवस ३०० धरले, तर एकाच यंत्राला ४३ टनांहून अधिक वाळू लागते! पाण्याची बचत करा असे आपण सारे म्हणतो. वाळूविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

आणि ही वाळू साधी नव्हे. नवरत्नांतला गोमेद याच गार्नेटच्या कुळातला. भूगर्भात उष्णता आणि दाब यांखाली रूपांतरित झालेल्या खडकांत गार्नेटचे स्फटिक तयार होतात. खडक झिजतात, नद्या कण समुद्राकडे नेतात आणि लाटा त्यांची निवड करतात. गार्नेट साध्या वाळूपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने मागे राहते आणि किनाऱ्यावर तांबूस थर साचतो. आपल्या देशात तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर असे थर आहेत. तेथील बेकायदा उत्खननाच्या तक्रारींनंतर २०१३ मध्ये राज्य सरकारने हे काम थांबवले. ज्या कणाला किनाऱ्यावर यायला लक्षावधी वर्षे लागली, तो यंत्राच्या नळीतून जातो एका सेकंदाच्या सहस्रांशाहून कमी वेळात. तेवढेच त्याचे काम. पुढे टाकीतला गाळ आणि मग ट्रॉलीतून कुठेतरी भराव!

खरे तर सगळेच कण फुटत नाहीत. गाळ धुऊन, वाळवून, चाळून मोठे कण पुन्हा वापरता येतात आणि त्यासाठी यंत्रेही मिळतात. छोटा कारखानदार म्हणेल, ‘चाळायला माणूस, वाळवायला वीज, त्यापेक्षा नवे पोते स्वस्त.’ त्याचे गणित चुकीचे नाही. पण पोत्याच्या किमतीत किनाऱ्याची किंमत धरलेली नसते. शिवाय गाळात कापलेल्या धातूचा चुराही असतो. तो शिसे किंवा क्रोमियम असलेल्या मिश्रधातूचा असेल, तर उघड्यावर टाकणे धोक्याचे. म्हणून गाळाची नोंद आणि चाळणी प्रत्येक मालकावर बंधनकारक असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि जो पातळ पत्रा लेसरने किंवा साध्या कातरीने कापता येतो, तो या यंत्रावर चढवूच नये.

पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील शिक्षकांना औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर आहेत. असे यंत्र पाहायला मुलांना न्याल, तेव्हा मालकांच्या परवानगीने न वापरलेली आणि वापरलेली, अशी मूठ-मूठभर वाळू मागून घ्या. कोणता धातू कापला होता तेही विचारून ठेवा. वापरलेली वाळू ओलीच हाताळा आणि नंतर हात धुवा. भिंगाखाली नव्या कणांच्या धारदार कडा दिसतील. मग दोन्ही नमुने बारीक चाळणीतून पाणी ओतत चाळा, वर उरलेले कण वाळवून तराजूत घाला, आणि शंभर ग्रॅममधले किती ग्रॅम अजून कामाचे होते ते वहीत लिहून मालकांनाही दाखवा.