शिष्टाचाराची चित्रे आणि कुलूपबंद कपाट

लहान मुलांना ‘चांगल्या सवयी’ शिकविणाऱ्या रंगीत पुस्तकांचे पीक सध्या जोमात आहे. जून महिना आला की स्टेशनरीच्या दुकानांत ती दर्शनी भागी मांडली जातात आणि पालक वह्यांबरोबर तीही हौसेने घेतात. हेतू चांगलाच आहे. तथापि यांपैकी बहुसंख्य पुस्तके म्हणजे वर्गाच्या भिंतीवरील जुन्या ‘आदर्श बालक’ तक्त्याचीच बांधीव आवृत्ती होय. पहाटे उठणारा, दात घासणारा, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा, चापून भांग पाडलेला तोच मुलगा पानोपानी भेटतो. शेजारच्या चौकटीतील वाईट मुलाचे केस विस्कटलेले असतात. वाईटपणाचा आणि केसांचा संबंध काय, हे मुलांनी विचारू नये अशी अपेक्षा असावी.

नीतिबोध हा मराठी बालवाङ्मयाचा वडिलोपार्जित व्यवसायच आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या कथा इंग्रजीवरून मराठीत आणून ‘बाळमित्र’ सिद्ध केला, तेव्हापासून मुलांच्या पुस्तकाने काहीतरी शिकविलेच पाहिजे हा दंडक चालत आला. पंचतंत्राची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी. पण पंचतंत्र शिकविते ते व्यवहारातील शहाणपण. सिंहाला विहिरीत उडी घ्यावयास लावणारा ससा चतुर आहे. त्याला दयाळू म्हणता येणार नाही. चातुर्य, शिष्टाचार आणि दया या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि ‘मूल्यशिक्षण’ या एकाच लेबलाखाली त्या विकल्या जातात तेव्हा मुलांच्या पदरी बहुधा फक्त शिष्टाचार पडतो.

तोही पुष्कळदा परका. भाषांतरित पुस्तकातील मूल आईने पाण्याचा पेला पुढे करताच ‘धन्यवाद, आई’ म्हणते. मराठी घरात असे कोणी म्हणत नाही, आणि म्हटले तर आईलाच चमत्कारिक वाटेल. आपली सभ्यता आभाराच्या शब्दांपेक्षा सर्वनामांत आणि क्रियापदांत अधिक वसते. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणे, वडीलधाऱ्यांना ‘अहोजाहो’ करणे, हे मूल न शिकविता उचलते. त्याबरोबर आणखीही काही उचलते. आजोबांना ‘तुम्ही’ म्हणणारे तेच मूल आजोबांच्याच वयाच्या हमालाला ‘अरे’ म्हणून हाक मारते, कारण घरातील मोठी माणसे तशीच हाक मारतात. सवयींच्या पुस्तकात या हमालाचे चित्रच नसते. वर्गणी मागावयास कोणी दाराशी आले म्हणजे ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे आतून कुजबुजणारे बाबाही त्यात नसतात!

वास्तविक चित्राचे सामर्थ्य उपदेशाच्या वाक्याहून मोठे आहे. खेळात न घेतलेल्या मुलीचा चेहरा चित्रात दिसला की पाच वर्षांचे मूल पान उलटायचे थांबते आणि ‘ही रडते का?’ असे विचारते. तो प्रश्न हीच दयेची सुरुवात होय. त्याखाली ‘सर्वांशी प्रेमाने वागावे’ असे छापले की प्रश्न तेथेच मिटतो. मराठीत हे ओळखणारी पुस्तके नाहीत असे नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या मालेतील आणि यशच्या गोष्टींतील मुले आदर्श नाहीत. घरातील माणसे जशी असतात तशी त्यांच्या भोवती आहेत. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला; पण अशी पुस्तके अजून सवयींच्या स्वस्त पुस्तकांइतकी दुकानोदुकानी दिसत नाहीत.

त्याचे कारण अर्थात खर्च. रंगीत छपाई मोठ्या संख्येनेच परवडते. म्हणूनच १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने नेहरू बाल पुस्तकालयात तीच चित्रे ठेवून निरनिराळ्या भाषांतील मजकूर छापण्याची वाट धरली. प्रथम बुक्सने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रकथा सर्वांना वापरावयास व भाषांतरावयास मोकळ्या केल्या. पुस्तके मिळविण्याचे मार्ग आहेत. समग्र शिक्षा योजनेत शाळांसाठी ग्रंथालय अनुदानाची तरतूदही आहे.

अडते ते पुढे. शाळेत आलेले पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरात चढते, तपासणीच्या दिवशी ते मोजून दाखवावे लागते, आणि फाटले वा हरवले तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो. मग शिक्षक कपाटाला कुलूप लावतो. त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या हाती दिलेले पुस्तक फाटणार, त्यावर रेघोट्या उठणार, क्वचित त्यावर भाजीही सांडणार. चाळीस मुलांच्या वर्गात त्याचे आयुष्य ते किती असणार? खडू जसा वापरून संपतो तसे चित्रपुस्तकही संपते, हे हिशेबाच्या नियमांत मान्य व्हावयास हवे. पहिली-दुसरीच्या चित्रपुस्तकांची नोंद जडसंग्रहात न करता उपभोग्य वस्तूंत करावी, आणि फाटलेली पुस्तके मुख्याध्यापकांच्या सहीने निर्लेखित करण्याची मुभा असावी. शिक्षण विभागाने एवढे एक परिपत्रक काढले तरी नव्या खरेदीवाचूनही बरीच पुस्तके कपाटाबाहेर येतील.