स्वस्तातला वेबकॅम : डब्यावर जाऊ नका, हिशोब करा



गोष्ट आमच्या चाळीतली. समोरच्या खोलीतील मुलगी बी.कॉम. झाली. एका खासगी कंपनीतून हिशोबाच्या कामासाठी तिला मुलाखतीचे बोलावणे आले. मुलाखत घरबसल्या, संगणकावर. घरात मोबाइल एकच, आणि तो वडिलांबरोबर पाळीला जातो. संगणक मात्र आहे. एका ऑफिसने मोडीत काढलेला, आमच्या अभ्यासिकेतील मुलांनी लिनक्स घालून चालू करून दिलेला. त्याला कॅमेरा नव्हता. वडिलांनी फूटपाथवरून सहाशे रुपयांचा वेबकॅम आणला. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, '२५ मेगापिक्सेल'.

मुलाखतीच्या दिवशी चित्र अडखळू लागले. चेहरा काळाकुट्ट दिसे. आवाज तर पलीकडे पोचतच नव्हता. पलीकडचे साहेब म्हणाले, "नंतर कळवू." ते अजून कळवत आहेत! मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. मला म्हणाली, "काका, मला सगळी उत्तरे येत होती हो."

मुलीत काही कमी नव्हते. कमी होती ती माहिती. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

आता पुष्कळ घरांत जुने संगणक लिनक्सवर चालू लागले आहेत. लिनक्स ही संगणक चालविणारी, फुकट मिळणारी प्रणाली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने बंद केला. विंडोज ११ पुष्कळ जुन्या संगणकांवर बसत नाही. असा संगणक भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स घातलेले बरे. पण दुकानदाराला विचारले, "हा कॅमेरा लिनक्सवर चालेल का?" तर तो मान हलवतो. ती होकाराची की नकाराची, हे घरी आल्यावर कळते.

तेव्हा दुकानदाराला दुसराच प्रश्न विचारा. "हा यूव्हीसी कॅमेरा आहे का?" यूव्हीसी म्हणजे यूएसबीच्या वायरीतून कॅमेऱ्याने संगणकाशी कसे बोलायचे, याचा सर्वांनी मान्य केलेला नियम. हा नियम पाळणाऱ्या कॅमेऱ्याला लागणारी सोय २००८ सालापासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. वायर लावली की कॅमेरा चालू. वेगळी सीडी नको, ड्रायव्हर नको. डब्यावर 'यूव्हीसी' किंवा 'ड्रायव्हरची गरज नाही' असे छापलेले असेल तर चांगली खूण समजा. सोबत सीडी आणि 'फक्त विंडोजसाठी' असा मजकूर असेल तर डबा परत ठेवा.

आता मेगापिक्सेलचा हिशोब करू. मी कारकून माणूस, बेरीज-गुणाकार केल्याशिवाय मला चैन पडत नाही. ७२०पी म्हणजे १२८० गुणिले ७२० ठिपके. गुणाकार येतो ९,२१,६००. दहा लाख ठिपक्यांचा एक मेगापिक्सेल, म्हणजे हा एक मेगापिक्सेलसुद्धा झाला नाही! १०८०पी चा गुणाकार २०,७३,६००, म्हणजे दोन मेगापिक्सेल. व्हिडिओवर बोलायला ७२०पी पुष्कळ झाले. मग सहाशे रुपयांत २५ मेगापिक्सेल कुठून आले? लहान चित्र ओढूनताणून मोठे केलेले असते. पिठात पाणी ओतले म्हणून भाकरी वाढत नाही, तसेच हे.

चित्र अडखळण्याचे कारणही हिशोबातच सापडते. न दाबलेल्या कच्च्या चित्रात एका ठिपक्याला साधारण दोन बाइट लागतात. ७२०पी ची सेकंदाला ३० चित्रे पाठवायची तर ९,२१,६०० गुणिले २ गुणिले ३०, म्हणजे ५,५२,९६,००० बाइट. यूएसबी २.० ची वायर कागदावर सेकंदाला ६ कोटी बाइट वाहते, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. म्हणून कच्चे चित्र पाठवणारा कॅमेरा सेकंदाला दहाएक चित्रांवर येतो आणि माणूस झटके खात बोलतो. चांगला कॅमेरा चित्र दाबून पाठवतो. त्या पद्धतीला एमजेपेग म्हणतात. डब्यावर किंवा माहितीपत्रकात हे नाव आहे का ते पाहा.

७२०पी चा साधा, नावाजलेल्या कंपनीचा कॅमेरा साधारण हजार ते दोन हजारांत बसतो. उदाहरणादाखल, लॉजिटेकचा सी २७० हा ७२०पी चा आहे, माईक आतच आहे आणि लिनक्सवर सीडीशिवाय चालतो. याच कंपनीचा घ्या असे माझे म्हणणे नाही. वर सांगितलेल्या गोष्टी असतील तर दुसराही चालेल, जुना वापरलेलाही चालेल. एक लक्षात ठेवा. स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस बहुधा ठरलेला असतो. चेहऱ्यासाठी तो ठीक, पण गुणपत्रिका अगदी जवळ धरली तर अक्षरे पुसट दिसतात. कागद हातभर लांब धरा, किंवा आधीच स्कॅन करून पाठवा.

शक्य असेल तर दुकानात तपासून घ्या. लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह न्या. दुकानदाराच्या संगणकावर काही न बसवता त्यावरूनच लिनक्स चालू करता येते. तो तयार नसेल तर पक्के बिल घ्या, बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या आणि घरी आल्या आल्या तपासा. टर्मिनल उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच अक्षरे इंग्रजीत, लहान लिपीत, सलग टाइप करा आणि एंटर दाबा. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत कॅमेरा दिसला पाहिजे. मग 'चीज' नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये चित्र पाहा. ते बंद करून मगच मीटिंग उघडा, कारण एका वेळी एकच प्रोग्राम कॅमेरा वापरू शकतो. ब्राउझरने परवानगी विचारली तर 'होय' म्हणा. कॅमेऱ्याची वायर हबमध्ये न लावता थेट संगणकाला लावा.

आणि ज्यांच्या घरी मोबाइल मोकळा असतो, त्यांनी कॅमेरा घ्यायचीच घाई करू नये. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवा आणि त्यावरूनच बोला. अँड्रॉइड १४ पासूनचे काही मोबाइल तर वायर लावली की संगणकाचा वेबकॅम म्हणूनही चालतात. पैसे वाचले तर मुलांच्या पुस्तकांना होतील.

आता त्या मुलीकडे वळू. पंधरा दिवसांनी तिला दुसऱ्या कंपनीचे बोलावणे आले. वडील नवा कॅमेरा आणायला निघाले होते. मी म्हटले, "दादा, थांबा. आधी आहे तो नीट वापरून पाहू." आम्ही तिघे संध्याकाळी बसलो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी केला, झटके थांबले. मुलगी खिडकीकडे पाठ करून बसत असे, म्हणून कॅमेऱ्याला खिडकीचा उजेडच दिसे आणि चेहरा काळा पडे. टेबल फिरवले, उजेड चेहऱ्यावर आला. अभ्यासिकेतून माईकचा हेडफोन आणला आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये तोच माईक निवडला. आधी तिथे भलताच माईक निवडलेला होता! मग अर्धा तास खोटी मुलाखत घेतली. साहेब मी, आणि शिपाई तिचे वडील.

खऱ्या मुलाखतीत तोच सहाशे रुपयांचा कॅमेरा होता. मुलगी पंचवीस मिनिटे बोलली, एकदाही अडखळली नाही. निकाल अजून यायचा आहे. पण या खेपेस तिचे उत्तर पलीकडे पोचले, एवढे नक्की.

वाचकहो, चित्र थोडे पुसट असले तरी चालते, आवाज मात्र स्वच्छ हवा. म्हणून खर्च करताना क्रम असा धरा : आधी उजेड, तो फुकट आहे. मग माईक. आणि शेवटी कॅमेरा. आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी घरातल्या कोणाला तरी समोर बसवून तालीम करायला विसरू नका.