किती बेटं झाली?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. दुपारची जेवणं झाली, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली मोरीत गेली आणि आमच्या माजघरात सतरंजीवर अंदमानचा नकाशा पसरला गेला. भोवती सगळा गोतावळा. आक्का, दाजी, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं, आमची मुलगी आणि भिंतीला टेकून बसलेले आबा. दाजींच्या हातात एका टूरवाल्याचं रंगीत पत्रक होतं. सहा दिवस, पाच बेटं. नववीतला भाचा तर ज्वालामुखीशिवाय दुसरं काही ऐकायलाच तयार नव्हता. आक्का म्हणाली, "एवढं पैसं घालतोय, तर आणि एखादं बेट बसतंय का बघा की."

आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "ह्यात मोकळा दिवस कुठला?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. पत्रकात सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत सगळं भरलेलं होतं. आबांच्या त्या एका प्रश्नानं आमचा सगळा बेत मोडला, आणि मला वाटतं तो मोडला हे फार बरं झालं. सुट्टीचे बेत हल्ली घरोघरी होतात, म्हणून तो प्रश्न आज तुमच्यापुढेही ठेवतो आहे.

आपल्याला मोजायची सवय आहे. अष्टविनायक आठ, समर्थांचे मारुती अकरा, शक्तिपीठं साडेतीन. त्यातलं एक तर आपल्या कोल्हापुरातच. यात्रेत मोजणं चूक नाही. देव जागेवर असतो, रस्ता जमिनीवर असतो, गाडी पंक्चर झाली तरी तासाभरात निघते. बेटांचं तसं नाही. बेटावर जायचा रस्ता म्हणजे समुद्र, आणि तो रोज वेगळा असतो. काल ज्या पाण्यातून पोरं हसतखेळत गेली, त्याच पाण्यात आज बोट सुटत नाही. म्हणून बेटांच्या प्रवासाला यात्रेचा हिशेब लावला की घोटाळा होतो. पाच बेटांचे पैसे भरलेत म्हणजे पाच बेटं झालीच पाहिजेत, हा आग्रह आपण टूरवाल्याकडे धरतो, टूरवाला बोटवाल्याकडे धरतो, आणि बोटवाल्याला तर समुद्राकडे आग्रह धरता येत नाही!

भाच्याच्या ज्वालामुखीचंच घ्या. अंदमानातलं बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे २०२४ पासूनच्या नावाप्रमाणे श्री विजयपुरमपासून, ईशान्येला सुमारे १३८ किलोमीटरवर तो भर समुद्रात उभा आहे. पाण्यावर दिसतो तो जेमतेम साडेतीनशे मीटर, पण त्याचा पायथा दोन किलोमीटरहून खोल समुद्रतळाशी आहे. म्हणजे आपण बघणार ते एका प्रचंड डोंगराचं नुसतं टोक. १७८७ साली त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली. एकोणिसाव्या शतकात तो निवला आणि दीडशेहून अधिक वर्षं इतका शांत राहिला की तो कायमचा विझला असं वाटावं. १९९१ मध्ये त्यानं पुन्हा डोळे उघडले, आणि तेव्हापासून तो अधूनमधून धुमसतोच आहे. त्या बेटावर वस्ती नाही आणि पर्यटकांना तिथं उतरता येत नाही. बघायचा तो बोटीवरून, लांबून. त्यातून ढग आले, समुद्र खवळला किंवा बोटच सुटली नाही, तर दिसणारही नाही. पोराला "नक्की दाखवतो" असं वचन देणाऱ्या बापानं हे आधी समजून घेतलं पाहिजे.

मग पोराची हौस मोडायची का? मुळीच नाही. त्या रविवारी मी भाच्याला विचारलं, "तू आत्ता कशावर बसलायस?" तो म्हणाला, "सतरंजीवर." सतरंजीखाली फरशी, फरशीखाली पाया आणि पायाखाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळून थरांवर थर साचलेला लाव्हा! पन्हाळा त्याच दगडाचा, आपल्या जुन्या वाड्यांची जोती त्याच दगडाची. पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला तर या दगडाचे कोरीव वाटावेत असे खांब उभे आहेत. ते कुणी घडवले नाहीत. तळं आटल्यावर चिखलाला जशा भेगा पडतात, तसा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे पंचकोनी-षट्कोनी खांब झाले. घरापासून घटकाभराच्या अंतरावर हे आहे, आणि आपल्यातल्या किती जणांनी ते पाहिलं आहे?

म्हणून आमच्या नव्या बेतातला पहिला टप्पा अंदमान नाही, बांदिवडे आहे. खर्च पेट्रोलचा आणि दशम्यांचा. पायाखालचा लाव्हा एकदा हाताळला, की समुद्रातला डोंगर लांबून दिसला तरी पोराला त्यातलं काही कळेल. आपल्याकडे जमीन फाटून लाव्हा पसरला, तिथं एक भूखंड दुसऱ्याखाली सरकतो आहे म्हणून डोंगर धुमसतो, हा फरक मग पाठ करावा लागत नाही.

आता मोकळ्या दिवसाबद्दल. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरात वादळ झालं आणि हॅवलॉक व नील या दोन बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. (२०१८ च्या डिसेंबरात या बेटांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली.) बोटी बंद, विमानं चुकलेली. शेवटी नौदलाची जहाजं जाऊन लोकांना घेऊन आली. डिसेंबर हा तिकडचा ऐन हंगाम, हे लक्षात घ्या. नोव्हेंबर ते एप्रिल हवा चांगली असते, हे खरं. पण चांगली असते म्हणजे रोज चांगली असते असं नव्हे.

यातून आमच्या घरानं काढलेले नियम साधे आहेत. लांबचं बेट आधी, जवळचं नंतर. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच, बेटावर नाही. पाण्याखाली जाऊन प्रवाळ बघायचे असतील, तर तो कार्यक्रम शेवटच्या दिवशी ठेवायचा नाही. पाठीवर हवेची नळकांडी लावून पाण्याखाली गेलेल्या माणसानं पुढे पुरता एक दिवस विमानात बसू नये, कारण दाबाखाली रक्तात मुरलेला वायू शरीराबाहेर पडायला वेळ लागतो. सर्दीनं कान बंद असतील तर पाण्याखाली जायचंच नाही, मग पैसे बुडाले तरी चालतील. आणखी एक म्हणजे, अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. कोल्हापुरात त्या वेळी रंकाळ्यावर भेळवाल्यांच्या गाड्या नुसत्या लागत असतात. तेव्हा "संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर फिरू" असं ठरवून गेलात, तर अंधारात फिराल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि २१ जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. इतक्या लांब कशाला? २४ मे २०२२ ला आपल्या तारकर्लीत, किनारा नजरेच्या टप्प्यात असताना, पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. तारकर्ली म्हणजे आपलं अंगण, मे महिन्यात निम्मं कोल्हापूर तिथं असतं.

दाजी पंचगंगेत पोहायला शिकलेले. "मला कशाला पाहिजे ते जाकीट? मी पुरात उडी मारलेला माणूस," असं ते म्हणतात. त्यांची हिंमत मला मान्य आहे. पण आपल्याकडे पोहायला शिकायची रीत काय होती? पाठीला डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. डबा बांधला म्हणून कुणाला लाज वाटली नाही. ज्याला पाण्याची ओळख नाही त्यानं डबा बांधायचा, एवढाच नियम. विहिरीचं पाणी आपल्या ओळखीचं, नदीचंही आपल्या ओळखीचं. समुद्राच्या पाण्याशी आपली ओळख काय? तिथं लाट येते, ओढ लागते. म्हणजे तिथं दाजींनीही पुन्हा डबाच बांधायला हवा. जाकीट म्हणजे दुसरं काय?

माझ्याही पदरी एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका जलदुर्गाच्या धक्क्यावर आम्ही उभे होतो. वारा सुटला होता. म्हातारा नावाडी म्हणाला, "आज नको." मी त्याच्याशी हुज्जत घातली. इतक्या लांबून आलोय, पोरं हिरमुसतील, शंभर रुपये जास्त घे. तो नाहीच म्हणाला. दुसरा एक तरणा तयार झाला, आणि मी घरच्या सगळ्यांना त्याच्या होडीत बसवलं. जाकिटं दोन, माणसं नऊ. किल्ला बघितला, परतही आलो. पण येताना एका लाटेवर होडी अशी कलली की हिनं मुलीला घट्ट पोटाशी धरलं आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. ती काही बोलली नाही, आजवर बोललेली नाही. तो किल्ला माझ्या यादीत "झाला" आहे. पण तिथली एक भिंत मला आठवत नाही. आठवतो तो हिचा चेहरा.

यावर कुणी म्हणेल, साहेब, तुमचं ठीक आहे. आम्हांला वर्षातून आठ दिवस रजा मिळते, आयुष्यात एकदा अंदमान होणार. त्यात मोकळा दिवस ठेवायचा म्हणजे पैसे पाण्यात घालायचे. हा आक्षेप खोटा नाही. पण पाच बेटं धावत बघणारा दिवसातला किती वेळ बेटावर असतो? निम्मा वेळ धक्क्यावरच्या रांगेत, उरलेला बोट लागून उलट्या करण्यात. पाचाची तीन केली, तर पैसे वाचतातच. त्याच पैशात मोकळा दिवस बसतो.

आणि मोकळा दिवस वाया जात नाही. समुद्रानं तो मागितला तर त्याला द्यायचा, नाही मागितला तर सेल्युलर जेलला द्यायचा. मराठी घराला अंदमान हे सहलीचं ठिकाण होण्याच्या कितीतरी आधी काळं पाणी म्हणून ठाऊक होतं. सावरकर तिथं १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही त्याच तुरुंगात होते. १९०६ मध्ये बांधून झालेल्या त्या तुरुंगाच्या सात ओळींपैकी आज तीनच उभ्या आहेत. दोन बोटींच्या मधल्या तासाभरात तो उरकण्यात काय अर्थ आहे? पोरांना एखाद्या कोठडीत पाच मिनिटं शांत बसू द्या. ज्या समुद्राकडे आपण मजेसाठी जातो, तोच कुणासाठी भिंत होता, हे कळायला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र आम्ही बेतातून ठरवून गाळली. बाराटांगला चिखलाचे छोटे ज्वालामुखी आहेत, भाच्याला तेही हवे होते. पण रस्त्यानं जायचं तर गाड्यांचा तांडा जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथं थांबायला, फोटो काढायला बंदी आहे, आणि तरीही खिडकीला नाक लावून माणसं माणसांना शोधतात. आक्का म्हणाली, "आपल्या दारावरनं रोज कुणी असं वाकून बघत गेलं तर?" विषय तिथंच संपला.

अंदमानचा खर्च झेपत नसेल तरी हिरमुसू नका. घारापुरी, खांदेरी ही बेटंही सह्याद्रीच्याच काळ्या कातळाची. खांदेरीला तर २०२५ मध्ये आपल्या पन्हाळ्याबरोबरच जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. उडुपीजवळच्या मालपे बंदरातून होडीनं सेंट मेरी बेटांवर गेलात, तर बांदिवड्यासारखेच लाव्ह्याचे खांब चक्क समुद्रात उभे दिसतील. बेट कुठलंही असो, नियम तेच. पावसाळ्यात जायचं नाही, जाकिटाशिवाय बसायचं नाही आणि नावाडी "आज नको" म्हणाला तर त्याला शंभराची नोट दाखवायची नाही.

आमचा बेत आता पक्का झाला आहे. सात दिवस, तीन बेटं. वहीत प्रत्येक दिवसापुढे काहीतरी लिहिलेलं आहे, फक्त पाचव्या दिवसासमोरची ओळ कोरी आहे. ज्वालामुखीचं भाच्याला खरं तेच सांगितलं: दिसला तर दिसला. तो थोडा खट्टू झाला आणि मग बांदिवड्याला कधी जायचं म्हणून मागं लागला. आक्काची एकच कुरकुर शिल्लक आहे. परत आल्यावर शेजारीपाजारी विचारतील, "किती बेटं झाली?"

आबा म्हणाले, "सांग, तीन झाली. आणि गेले तेवढे सगळे परत आलो म्हणून सांग."