कोशातले ‘पहा’

आमच्या घरी एक लांबट वही आहे. जुन्या हिशेबाच्या वह्या असत तशी, लाल कापडी पाठीची. आजोबा हुबळीच्या रेल्वे कारखान्यात नोकरीला होते. वही तिथलीच असावी, हा आजीचा जुना आरोप आणि आजोबांचा तितकाच जुना इन्कार. या वहीत आजोबांनी आयुष्यभर ‘माहिती’ टिपून ठेवली. तिला कसला क्रम म्हणून नाही. जोगच्या धबधब्याची उंची २५३ मीटर, त्याखाली टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे कन्नड भाषांतर आलूर वेंकटराव यांनी केले, त्याखाली साप चावल्यास काय करू नये, आणि मग एकदम संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर, जन्म १८४३, गुर्लहोसूर, जिल्हा बेळगाव.

एक पान रेल्वेचे आहे. ‘सर्वांत लांब फलाट’ या मथळ्याखाली प्रथम सोनपूर लिहिलेले आहे. ते खोडून खरगपूर. तेही खोडून, थरथरत्या अक्षरात, गोरखपूर, १,३६६ मीटर. त्याखालची ओळ माझ्या हातची आहे : हुबळी, १,५०७ मीटर, उद्‌घाटन १२ मार्च २०२३. ती ओळ लिहायला आजोबा राहिले नव्हते. ज्या स्टेशनावरून ते रोज कामावर गेले, ते स्टेशन त्यांच्याच वहीत जगात पहिले आले आणि नोंद मला करावी लागली.

हे सर्व सांगावयाचे कारण, मी माहितीची चेष्टा करणाऱ्यांपैकी नव्हे. “ही सगळी घोकंपट्टी, यात ज्ञान कुठले?” असे म्हणणे हल्ली फार सोपे झाले आहे, आणि म्हणणाऱ्याला त्यासाठी काहीच माहीत असावे लागत नाही! धारवाडच्या सप्तापूर भागात स्पर्धा परीक्षांचे जे वर्ग चालतात, त्यांतल्या एका वर्गाला मीही जाते. सामान्यज्ञानाची जाडजूड पुस्तके माझ्याही उशाशी आहेत. खेड्यातून आलेली, एका खोलीत चौघी राहून अभ्यास करणारी मुलगी जेव्हा पहाटे उठून राजधान्या आणि नद्या पाठ करते, तेव्हा त्यामागे घरचा प्रश्न असतो. तिला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ती सांगण्यापूर्वी माझी एक फजिती सांगते.

मागे एका आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत आमचा संघ होता. यजमान महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. त्यांनी चहा चांगला दिला होता. शेवटच्या फेरीत प्रश्न आला, “ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारे धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा कोणती?” मी घंटी दाबली आणि म्हटले, “मराठी.” परीक्षकांनी हातातला कागद पाहिला. “चूक. कन्नड.” सभागृहात हशा पिकला. मी मराठी विभागाची म्हणून बेंद्र्यांनाही पळवून नेते आहे, असेच बहुतेकांना वाटले असावे. आम्ही दुसरे आलो.

बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती, ही गोष्ट धारवाडात कुणाही जाणत्या माणसाला विचारावी. परंतु मला राग आला तो बक्षीस गेल्याचा नव्हे. (थोडा आला.) त्या कागदावर ‘बेंद्रे – कन्नड’ एवढेच होते, आणि तेवढ्याने काय काय बाहेर राहिले! घरी मराठी बोलणारा हा मुलगा कन्नडचा एवढा मोठा कवी झाला, ‘अंबिकातनयदत्त’ म्हणून आईचे नाव त्याने आपल्या कवितेला लावले, ‘नाकुतंती’साठी त्याला १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले, १९४४ ते १९५६ इतकी वर्षे सोलापुरासारख्या मराठी शहरात राहून त्याने कन्नड शिकविले आणि मराठीतही ग्रंथ लिहिले. बरे, माझे ‘मराठी’ हे उत्तर बरोबर धरले असते तरी यांतले काय सभागृहाला कळले असते? काहीच नाही. दोन्ही उत्तरे एकेका शब्दाचीच होती.

त्या संध्याकाळी मी ग्रंथालयात विश्वकोश उघडला, खरे तर स्वतःचे समाधान करून घ्यायला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला सिद्ध होऊ लागलेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातल्या नोंदी पुष्कळदा लहान असतात, अगदी पाव पानाच्या. पण नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरात एक शब्द येतो : ‘पहा’. त्याच्यापुढे दुसऱ्या नोंदीचे नाव. तिकडे गेले की तिथून आणखी तिसरीकडे. मी ज्या नोंदीसाठी खंड काढला होता ती बाजूला राहिली आणि ग्रंथपालबाईंनी दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हा मी कुठल्या कुठे जाऊन पोहोचले होते.

आमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत नाही तो हा शब्द. आजोबांच्या वहीतही नाही. पण आजोबा स्वतःच ‘पहा’ होते. वहीतली एक ओळ विचारावी आणि त्यांनी अर्धा तास बोलावे.

गंगूबाई हनगल यांचेच पाहा. पुस्तकात ओळ आहे : जन्म १९१३, किराणा घराणे. झाले. हीच ओळ आजोबांना विचारली की गाडी कुंदगोळला जाई, अक्षरशः. कारण गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. त्यांना हे नाव मिळाले ते मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविल्याबद्दल. त्यांचे दुसरे शिष्य भीमसेन जोशी इकडचेच, गदग भागातले. ते पुण्यात स्थायिक झाले आणि गुरूच्या स्मरणार्थ तिथे जो संगीत महोत्सव १९५३ पासून सुरू झाला त्याच्या मांडवात आज सारा महाराष्ट्र बसतो. एका स्टेशनापासून निघून आपण पुण्याला येऊन पोहोचलो, आणि मध्ये कन्नड कुठे संपले व मराठी कुठे सुरू झाले हे सांगता येणार नाही. पुस्तकातल्या ओळीत मात्र घराणे तेवढे शिल्लक.

इमारतींचेही तेच. कर्नाटक कॉलेज १९१७ साली निघाले, हे पाठ असते. ते ज्या दगडी इमारतीत भरते ती मुळात सदर्न मराठा रेल्वेची कचेरी होती, हे त्या आवारात तीन वर्षे काढलेल्या किती जणांना ठाऊक असते? किंवा जी. ए. कुलकर्णी : ‘काजळमाया’, साहित्य अकादमी पुरस्कार, १९७३. तो पुरस्कार त्यांनी परत केला, आणि हा मराठी कथेतला एकांतप्रिय माणूस वर्षानुवर्षे याच धारवाडात जे. एस. एस. कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवीत होता, हे ‘पहा’ कुणी लिहावयाचे?

यात काही कडू ‘पहा’ही आहेत, ते टाळून चालणार नाही. एके काळी या भागातल्या शाळांत आणि कचेऱ्यांत मराठीचेच वर्चस्व होते; कन्नडला तिच्याच घरात जागा मिळावी म्हणून रा. ह. देशपांडे आणि मंडळींना १८९० साली कर्नाटक विद्यावर्धक संघ काढावा लागला. आम्ही मराठी घरांतली माणसे संगीताचे धागे हौसेने सांगतो, हा सांगत नाही. माझ्याही वहीत तो नव्हता. माझ्या कन्नड विभागातल्या मैत्रिणीने सांगितला, आणि सांगताना ती मुळीच चिडली नव्हती.

कुणी म्हणेल, परीक्षेच्या धामधुमीत एवढा वेळ कुणाला? प्रश्न खराच आहे. पण श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० ते १९२९ या काळात २३ खंडांत निघाला, तोही कसलेही सरकारी खाते पाठीशी नसताना, कंपनी काढून, भाग विकून. कन्नडात शिवराम कारंतांनी मुलांसाठी ‘बालप्रपंच’चे तीन खंड केले. ही माणसे काही रिकामटेकडी नव्हती.

म्हणून संपादक मंडळाला एक सूचना करते. आपल्या या अंकात लेख संपून पानाच्या तळाशी जागा उरली की ‘तुम्हांला माहीत आहे काय?’ म्हणून चौकट टाकतात. गेल्या वर्षीच्या अंकात मराठी विभागात शहामृगाचे अंडे होते, कन्नड विभागात आयफेल टॉवर. शहामृगाबद्दल माझ्या मनात काही नाही. परंतु पुढील वर्षी त्या चौकटी हुबळी-धारवाडच्या असाव्यात. चार ओळींच्याच असू द्यात; प्रत्येकीच्या शेवटी एक ‘पहा’ असावा, आणि मराठी विभागातल्या ‘पहा’ने वाचकाला कन्नड विभागातल्या पानावर धाडावे, तिकडच्याने इकडे. ज्यांना दुसरी लिपी वाचता येत नाही त्यांनी शेजारच्या बाकावर विचारावे. नोंद लिहिणाऱ्याने मात्र पुस्तकातून उतरवू नये. निदान एकदा त्या जागी जाऊन किंवा जाणत्या माणसाला विचारून यावे.

राष्ट्रध्वज हुबळीच्या बेंगेरीत तयार होतात, हे आम्हां सर्वांना पाठ आहे. ध्वजाची खादी विणणारे गरग गाव धारवाडपासून बसने थोड्याच अंतरावर आहे. तिथे आमच्या वर्गातले कुणी गेलेले नाही. ती नोंद माझ्या मैत्रिणीने घेतली आहे, येत्या रविवारी ती जाणार आहे. कुंदगोळ मी माझ्याकडे ठेवले आहे. बेंद्र्यांची नोंद अजून कुणी घेतलेली नाही.