प्रभागांची कात्री

विधानसभेच्या मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग आखतो. आमदार-खासदार त्यात सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताधिकार नसतो. महापालिकांच्या प्रभागांना मात्र हे पथ्य नाही. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे दिले. ओबीसी आरक्षणाचा पेच हे त्याचे निमित्त. पेच येतात-जातात, अधिकार एकदा हाती आला की कोणताच पक्ष तो सोडत नाही. मुंबईचेच पाहा. महाविकास आघाडीने नगरसेवकांची संख्या २२७ वरून २३६ केली, तर ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे सरकारने ती पुन्हा २२७ वर आणली. मुंबई तीच, सरकार तेवढे बदलले होते.

लोकनियुक्त सरकार जनतेला उत्तरदायी असते, नेमलेला आयोग नसतो, हा आक्षेप वजनदार आहे. पण ते उत्तर मतपेटीतून मागायचे असते, आणि कोणती वस्ती कोणत्या मतपेटीत जाईल हे सत्ताधारीच ठरवू लागले तर जाब विचारायचा कसा? आयोगाची मान्यता लागतेच, असेही म्हटले जाईल. तयार नकाशा तपासणे आणि नकाशा आखणे ही दोन वेगळी कामे आहेत. निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्रभाग आयोग नेमावा आणि प्रत्येक हरकतीवर त्याने सकारण लेखी निर्णय द्यावा.